डच गावासारखी शांत गल्ली, विटांचं घर आणि भाडं १,५५० युरो : नेदरलँड्समध्ये घर भाड्याने घेण्याआधी पॉइंटचं गणित समजून घ्या

रीलमध्ये दिसतं ते घर डोळ्यांसमोर आणा. लाल विटांची बैठी रांग, उतरती कौलं, खिडकीला पडदाच नाही, दाराबाहेर दोन सायकली आणि मागे एवढीशी बाग. रस्त्यावर माणूस नाही, हॉर्न नाही. कॅप्शन असते, 'सुकून'.

माझ्या एका पुण्याच्या मैत्रिणीला असंच घर मिळालं. आइंडहोवनमध्ये नोकरी लागली आणि दीड महिना शोधाशोध करून २०२५ च्या एप्रिलमध्ये ती तिथे राहायला गेली. जाहिरातीत दोन शब्द होते, 'रुस्तिख' आणि 'दोर्प्स'. म्हणजे शांत आणि गावासारखं. घर ५८ चौरस मीटरचं, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण सव्वासहाशे स्क्वेअर फूट. भाडं महिन्याला १,५५० युरो. मालक सत्तरीचे आजोबा, पलीकडच्याच गल्लीत राहणारे. उन्हाळ्यात बागेतले टोमॅटो आणून द्यायचे.

ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तिला सहज विचारलं, "तुझ्या घराचे पॉइंट किती?"

तिला प्रश्नच कळला नाही. त्या रात्री तिने ऑनलाइन हिशोब केला. उत्तर आलं १५५ पॉइंट. आणि १५५ पॉइंटच्या घराचं कायद्याने जास्तीत जास्त भाडं निघत होतं हजार युरोंच्याही खाली.

म्हणजे दर महिन्याला साडेपाचशेहून जास्त युरो जादा. एक युरो १०० रुपये धरला तरी महिन्याला ५५ हजार रुपये.

आता हे पॉइंट म्हणजे काय, गावासारख्या गल्ल्या शहरात आल्या कुठून आणि मैत्रिणीने पुढे काय केलं, ते सगळं क्रमाने बघू.

शहराच्या पोटात गाव आलं कुठून?

नेदरलँड्समधल्या अशा बऱ्याच वस्त्या आपोआप उगवलेल्या नाहीत, त्या ठरवून वसवलेल्या आहेत. डच भाषेत त्यांना 'टाउनडॉर्प' म्हणतात. टाउन म्हणजे बाग आणि डॉर्प म्हणजे गाव. इंग्रजी टाउनचा अर्थ इथे घ्यायचा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डच शहरांत कामगारांची अवस्था वाईट होती. एका खोलीत अख्खं कुटुंब, ओल, रोगराई. १८९८ मध्ये इंग्लंडच्या एबेनेझर हॉवर्ड यांनी उद्यान-नगराची कल्पना मांडली. शहराची सोय आणि गावाची हवा एकत्र. त्यानंतर १९०१ मध्ये नेदरलँड्सने गृहनिर्माण कायदा केला. नफ्यासाठी काम न करणाऱ्या गृहनिर्माण संस्थांना सरकारी पैसा मिळण्याची वाट त्यातून मोकळी झाली. कल्पना होती, पैसा आला आणि वस्त्या उभ्या राहिल्या.

आइंडहोवनमध्ये फिलिप्स कंपनीने आपल्या कामगारांसाठी १९१० पासून 'फिलिप्सडॉर्प' बांधायला घेतलं. बल्बच्या कारखान्यातले लोक इथे राहायचे. आज ज्या पीएसव्ही क्लबचे फुटबॉल सामने आपण टीव्हीवर बघतो, त्याचं मैदान या वस्तीला अगदी लागून आहे. रॉटरडॅमच्या दक्षिणेला 'फ्रेवाइक' वसलं. अॅमस्टरडॅमच्या उत्तरेला 'टाउनडॉर्प ओस्टझान' वसलं. तिथे १९६० च्या जानेवारीत बांध फुटून अख्खी वस्ती पाण्याखाली गेली होती.

सगळ्यात भारी गोष्ट 'बेटॉनडॉर्प'ची. म्हणजे काँक्रीटचं गाव. पहिल्या महायुद्धानंतर विटा आणि गवंडी दोन्ही महागले, म्हणून अॅमस्टरडॅमने १९२० च्या दशकात काँक्रीटची घरं बांधून बघितली. रस्त्यांना नावं दिली थेट शेतीची. एक शेती रस्ता, एक पशुपालन रस्ता आणि एक चक्क दूध-लोण्याचा चौक. फुटबॉलचा बादशहा योहान क्रॉयफ याच वस्तीत लहानाचा मोठा झाला.

मुद्दा काय, तर ही घरं श्रीमंतांसाठी नव्हती. कमी पगाराच्या माणसाला परवडेल अशा भाड्यात उजेड, हवा आणि चार हात बाग मिळावी यासाठी ती होती. त्यामुळे ती लहान आहेत, जिने उभे आहेत, भिंती जुन्या आहेत. आज मात्र शहराजवळची शांतता हीच महागडी चीज झाली आहे.

मग ही घरं मिळतात कुणाला?

नेदरलँड्समध्ये भाड्याची घरं ढोबळ मानाने तीन गटांत येतात.

पहिला गट सामाजिक भाड्याचा. ही घरं मुख्यतः गृहनिर्माण संस्थांची असतात. टाउनडॉर्पमधली बहुतेक घरं याच गटातली. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. एकट्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न साधारण ५० हजार युरोंच्या आत हवं. आणि रांग? अॅमस्टरडॅममध्ये दहा वर्षांहून जास्त. म्हणजे आज नाव नोंदवलं तर घर मिळेपर्यंत केस पांढरे व्हायला लागतात.

दुसरा गट मध्यम भाड्याचा. तिसरा मुक्त बाजाराचा. भारतातून नोकरीसाठी गेलेला माणूस बहुतेक वेळा या दोन गटांतच घर शोधतो. गृहनिर्माण संस्थांनी विकलेली काही घरं खाजगी मालकांकडे गेली आहेत, ती इथे भाड्याने लागतात. कधी मालक दोन वर्षं परदेशी जातो आणि तेवढ्यापुरतं घर देतो. तसं असेल तर करारात 'डिप्लोमॅट क्लॉज' असतो. म्हणजे मालक परत आला की घर सोडावं लागतं. हे कलम सहीआधीच शोधा.

एक अडचण आणखी आहे. काही शहरांत मध्यम भाड्याच्या घरासाठी पालिकेचा परवाना लागतो आणि त्यालाही उत्पन्नाची मर्यादा असते. त्यामुळे चांगला पगार असलेल्या इंजिनिअरला घर परवडतं, पण परवाना मिळत नाही, असंही होतं.

या सगळ्याच्या मुळाशी आहे टंचाई. देशात सुमारे ४ लाख घरं कमी आहेत. एका घरासाठी शेकड्याने अर्ज येतात, त्यातल्या मोजक्यांनाच घर बघायला बोलावतात. मालक साधारण भाड्याच्या तीन ते चार पट मासिक पगार मागतो, तोही कर कापण्याआधीचा. सोबत पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र, ओळखपत्र. कागद तयार नसतील तर घर बघून घरी येईपर्यंत ते दुसऱ्याला गेलेलं असतं.

आता येऊ पॉइंटवर

डच सरकार घराचं भाडं गुणपत्रिकेवर ठरवतं. आपल्याकडे दहावीचा निकाल लागतो तसा तिथे घराचा लागतो.

खोल्यांच्या दर चौरस मीटरला १ पॉइंट. स्वयंपाकघर, बाथरूम, हीटिंग यांचे वेगळे. स्वतःची बाग किंवा बाल्कनी असेल तर पॉइंट वाढतात, काहीच नसेल तर वजा होतात. घर ऊर्जा किती खातं याचं लेबल असतं. चांगलं लेबल असेल तर पॉइंट भरभरून, आणि सगळ्यात वाईट असेल तर इथेही वजाबाकी. शेवटी पालिकेने ठरवलेली घराची किंमतही धरली जाते.

ही पद्धत जुनीच आहे. पण १ जुलै २०२४ ला नवा कायदा आला आणि मध्यम गटही तिच्या कक्षेत आला.

१४३ पॉइंटपर्यंत सामाजिक भाडं. १४४ ते १८६ मध्यम भाडं. १८७ किंवा जास्त असेल तर मुक्त बाजार, तिथे सुरुवातीचं भाडं मालक ठरवेल ते. २०२५ मध्ये १४३ पॉइंटच्या घराची कमाल मर्यादा ९००.०७ युरो होती आणि १८६ पॉइंटच्या घराची १,१८४.८२ युरो. हे आकडे दर वर्षी थोडे वर सरकतात. घर वारसा यादीत किंवा संरक्षित जुन्या वस्तीत असेल तर काही टक्के जास्त घेता येतात. टाउनडॉर्पमध्ये हा मुद्दा येऊ शकतो, म्हणून तो तपासायचा.

आणि महत्त्वाचं म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून नव्या करारासोबत पॉइंटचा हिशोब देणं मालकावर बंधनकारक आहे. मैत्रिणीच्या करारात तो कागदच नव्हता. तिने मागितलाही नव्हता, कारण असं काही मागायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं.

भाडं जास्त असेल तर करायचं काय?

यासाठी 'ह्यूरकोमिसी' नावाची सरकारी भाडे समिती आहे. कोर्ट नाही, पण निकाल देते. नव्या भाडेकरूने घर घेतल्यापासून पहिल्या ६ महिन्यांत सुरुवातीचं भाडं तपासून मागायचं. किरकोळ शुल्क भरायचं. समितीने भाडं कमी केलं तर ते करार सुरू झाला त्या दिवसापासून कमी होतं आणि जादा दिलेले पैसे परत मिळतात. मध्यम गटात हे ६ महिने उलटले तर हा दरवाजा बंद.

मैत्रिणीचा तो पाचवा महिना होता.

तिने मला फोन केला तेव्हा तिला कायद्याची भीती नव्हती, आजोबांची होती. "अगं, ते रोज दिसतात. कचऱ्याचा डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा हे त्यांनीच शिकवलंय. आता त्यांच्याविरुद्ध अर्ज करू?"

शांत, गावासारख्या वस्तीची दुसरी बाजू ही. सगळे ओळखतात, सगळ्यांना कळतं. शहरातल्या टॉवरमध्ये मालक म्हणजे एक ईमेल आयडी असतो. इथे मालक समोरून सायकलवर येतो.

तिने आधी साधं पत्र लिहिलं. पॉइंटचा हिशोब द्या आणि त्याप्रमाणे भाडं करा. आजोबा घरी आले. एजंटने सांगितलं तेवढं भाडं लावलं, असं म्हणाले. मग जाता जाता म्हणाले, एवढ्या भाड्यात परवडत नाही, मी घर विकून टाकीन.

त्या वाक्याने तिची झोप उडाली. पण इथे डच कायद्याचं एक जुनं तत्त्व आहे. विक्रीने भाडेकरार मोडत नाही. घर विकलं तरी भाडेकरू तिथेच राहतो, बदलतो तो फक्त मालक. शिवाय १ जुलै २०२४ पासून बेमुदत करार हाच नियम आहे. ठरावीक मुदतीचा करार बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांसारख्या मोजक्या लोकांनाच लागू होतो. आपल्याकडे ११ महिन्यांचा करार संपत आला की पोटात गोळा येतो. तिथे कायद्यात लिहिलेलं कारण असल्याशिवाय मालक भाडेकरूला काढू शकत नाही. समितीकडे अर्ज केला, हे असं कारण नाही.

सप्टेंबरमध्ये तिने अर्ज केला. हिवाळ्यात निकाल आला. भाडं हजाराच्या खाली आलं आणि जादा दिलेले पैसे परत करायला सांगितलं.

मग आजोबा व्हिलन का?

इतकं सोपं नाही ते. नवा कायदा आल्यावर बऱ्याच छोट्या मालकांनी हाच हिशोब केला. भाडं कमी, कर आहेत, दुरुस्ती आहे, त्यापेक्षा विकलेलं बरं. भाडेकरू गेला की घर विकायचं, ही लाट २०२४ पासून डच शहरांत स्पष्ट दिसते. घर विकत घेणाऱ्या तरुण जोडप्यांची त्यात सोय झाली. पण भाड्याने शोधणाऱ्यांसाठी घरं आणखी कमी झाली.

मुंबईकरांना यात ओळखीचं काही दिसेल. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने चाळीतला भाडेकरू वाचला, पण भाडी गोठली आणि मालकांनी इमारतींकडे बघणं सोडलं. डच पद्धतीत भाडी गोठलेली नाहीत, दर वर्षी वाढवता येतात. २०२५ मध्ये मुक्त गटात जास्तीत जास्त ४.१ टक्के वाढ करता येत होती. पण प्रश्न तोच आहे. आत असलेल्याला संरक्षण दिलं की दाराबाहेर उभ्या असलेल्याचं काय?

मैत्रीण आत होती म्हणून वाचली. आज जो पुण्याहून जाहिराती बघतोय, तो बाहेर आहे. त्याच्यासाठी पुढचा भाग.

सही करण्याआधी हे तपासाच

१. घर बघितल्याशिवाय पैसे नाहीत. टंचाई असली की फसवणूक येतेच. 'मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने देतो' असं कुणी म्हणालं की संवाद तिथेच थांबवा. स्वतः जाता येत नसेल तर ओळखीच्या माणसाला पाठवा.

२. पत्ता नोंदवता येईल का, हे लेखी घ्या. ४ महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने आल्यावर ५ दिवसांत पालिकेत नाव नोंदवायचं असतं. त्यातून नागरिक क्रमांक मिळतो आणि पगार, बँक, आरोग्य विमा सगळं त्यावर चालतं. 'राहा, पण नोंदणी करू नका' असं सांगणारं घर कितीही गोड असलं तरी सोडा.

३. डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं. १ जुलै २०२३ पासूनच्या करारांना हा नियम आहे. घर सोडल्यावर काही कापायचं नसेल तर ते १४ दिवसांत परत मिळायला हवं.

४. एजंटने मालकासाठी जाहिरात केली असेल तर तो तुमच्याकडून दलाली मागू शकत नाही. 'कॉन्ट्रॅक्ट फी', 'अॅडमिन फी' अशी नावं बदलून मागितली तरी नाही.

५. 'काल' हा शब्द दिसला तर सावध व्हा. डच भाषेत काल म्हणजे टक्कल, उघडं. असं घर खरंच उघडं असतं. जमिनीवर लॅमिनेट नाही, पडदे नाहीत, कधी दिवेही नाहीत. आधीचा भाडेकरू सगळं उचलून नेतो. 'खेस्टोफेर्ड' म्हणजे फरशी आणि पडदे आहेत. 'खेम्युबिलेर्ड' म्हणजे फर्निचरसकट. स्वस्त दिसणारं 'काल' घर पहिल्या महिन्यात हजारो युरो खाऊ शकतं.

६. मूळ भाडं आणि सेवा खर्च वेगळे लिहून घ्या. पॉइंटचं गणित मूळ भाड्यालाच लागू होतं. सगळं एकत्र धरून एकच आकडा दिला असेल तर तुलनाच करता येत नाही.

७. मित्र मिळून राहणार असाल तर परवाना विचारा. अॅमस्टरडॅममध्ये एका कुटुंबातले नसलेले तीन किंवा जास्त प्रौढ एका घरात राहणार असतील तर त्यासाठी परवाना लागतो. कोथरूडसारखं 'अजून एक जण अॅडजस्ट करू' तिथे चालत नाही.

८. पॉइंटचा कागद मागा. दिला नाही तर स्वतः हिशोब करा, समितीच्या वेबसाइटवर त्याची सोय आहे. घर घेतलं त्या दिवसापासून ६ महिने मोजा आणि तारीख मोबाइलमध्ये टाका. मालकाच्या वागणुकीची तक्रार करायला प्रत्येक पालिकेत वेगळी खिडकी आहे.

आणि राहायला गेल्यावर?

शांत वस्तीची शांतता शेजारी मिळूनच सांभाळतात. राहायला आल्यावर दोन्ही बाजूंच्या घरांची बेल वाजवून आपली ओळख करून देणं हा साधा रिवाज आहे. तो पाळलात तर पुढची निम्मी भांडणं होतच नाहीत. घरी पार्टी असेल तर आधी चिठ्ठी टाकतात. जुन्या घरांच्या भिंतीतून मिक्सरसुद्धा ऐकू जातो, त्यामुळे रात्री अकराला चटणी वाटायची नाही.

आणि हो, १ जुलै २०२२ पासून प्रत्येक घरात प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे. उघडं स्वयंपाकघर आणि लाल मिरचीची फोडणी एकत्र आली की तो कोकलायला लागतो. मैत्रिणीकडे पहिल्या आठवड्यात पिठलं करताना तो वाजला आणि तिची शेजाऱ्यांशी ओळख तिथेच झाली. आता फोडणीआधी मागचं दार उघडायचं, हा तिचा नियम झालाय.

निकालानंतर आजोबांनी पैसे हप्त्याने परत केले. रस्त्यात दिसले की अजूनही 'हाय' म्हणतात. पण टोमॅटो येणं बंद झालं.

मी तिला विचारलं, वाईट वाटतं का? ती म्हणाली, "वाटतं ना. पण महिन्याला ५५ हजारांचे टोमॅटो मी खात नव्हते."

तुमच्या ओळखीत कुणी नेदरलँड्सला निघालं असेल तर त्याला हे आत्ताच पाठवा. त्या ६ महिन्यांत कळलं तरच त्याचा उपयोग आहे.